वहीत दादाचं अक्षर

जे लिहितोय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. भूतखेत, अंगात येणं, स्वप्नातले दृष्टांत — यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. मी सरकारी कारकून आहे, कागदावर असेल तेवढंच खरं मानायची सवय. आणि मला जे दिसलं ते कागदावरच दिसलं... हीच तर पंचाईत आहे.

आम्ही उज्जैनचे, फ्रीगंजमध्ये राहतो. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. फौजेत होता, सिंगापूर पडलं तेव्हा तिथेच होता. त्यानंतर त्याचं पत्र नाही. लढाई संपली, जपान्यांकडचे कैदी घरोघर परतले, दादा आला नाही. 'बेपत्ता, बहुधा मृत' असं एक छापील पत्र मात्र आलं.

तेव्हा एका कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती. लढाईत कामी आलेल्याच्या सख्ख्या भावाला ती मिळणार होती. पण 'बहुधा' चालत नव्हतं, 'मृत' हवं होतं. मी प्रतिज्ञापत्र लिहून दिलं — माझा भाऊ हयात नाही, अशी माझी खात्री आहे. कसली खात्री? मला नोकरी हवी होती.

कामावर लागून आठ दिवस झाले असतील. भर दुपारी एक उंच, नुसती हाडं राहिलेला माणूस माझं नाव विचारत कचेरीत आला. रतलामकडचा राजपूत, दादाच्याच पलटणीतला. घरी जायच्या आधी मुद्दाम उज्जैनला उतरला होता.

"भाई साहब, आपका भाई मरा नहीं है," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "जंग खतम होने के बाद मैंने उसको अपनी आँखों से देखा है. तीस-बत्तीस आदमी थे. नाव में बिठाके दूसरे टापू पर ले गए. बोले, उधर बीमार कैदी हैं, लाने हैं. नाव लौटी नहीं."

"मग बुडाली असेल," मी म्हणालो.

"डूबी होती तो डूबी लिखते! मैंने साहब से पूछा. बोला, ऐसे नाम लिस्ट में हैं ही नहीं. अरे, लिस्ट में नहीं तो क्या आदमी नहीं?" मग जरा हळू आवाजात, "भाभीजी को बता देना. उसने कहा था, कोई भी पहले पहुँचे तो घर पे बता दे कि आऊँगा."

मी त्याला चहा पाजला. "सांगतो" म्हणालो. घर मात्र दाखवलं नाही. वहिनी भेटायला नको, म्हणून स्टेशनपर्यंत सोबत गेलो आणि गाडी हलल्यावरच परतलो. पुढल्या वर्षी आई गेली. ती रोज विचारायची, "काही कळलं का रे?" मी रोज "नाही" म्हणायचो.

वहिनींनी कुंकू पुसलं नाही. मुलींच्या शाळेत शिकवायला जायच्या त्या हिरव्या बांगड्या भरून. मोहल्ल्यातल्या बायका मागे बोलायच्या, तोंडावर कुणाची हिंमत नव्हती. ग्वाल्हेर राज्य गेलं, मध्य भारत झाला, माझ्या कचेरीच्या पाट्या बदलल्या. वहिनींचं कुंकू तसंच.

सिंगापूर पडल्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग पुढलं क्रियाकर्म. देवासहून काका आले ते हेच ठरवून.

"सूनबाई, आता पुरे झालं," काका म्हणाले. "त्याच्या जिवाला गती नको का?"

"गती तुमच्या जिवाला हवीय, काका. तुम्हाला लोकांना उत्तर द्यावं लागतं."

"मग नको द्यायला?"

"द्या की. म्हणावं, तिचा नवरा हाडामांसाचा आहे, पानांचा नाही. पुतळा जाळायचा तर जाळा. मी बघायला येईन. रडायला नाही."

आणि खरंच आल्या. कार्तिकातली सकाळ, राम घाटावर ऊन पडलेलं. पायरीवर तो पुतळा, शेजारी काका, मी, आणि ठसठशीत कुंकू लावून उभ्या वहिनी. आमचे पंडाजी, म्हणजे घाटावरचे तीर्थोपाध्याय, म्हातारे. त्यांच्याकडे आमच्या घराण्याची वही चार पिढ्यांची. घाटावर जो येतो तो आपल्या हाताने तिच्यात लिहितो — कोण आलो, कोणाचं कार्य केलं. विधीआधी दादाची नोंद करायची म्हणून त्यांनी लाल कापड सोडलं, पान काढलं आणि वही माझ्या हातात दिली.

शेवटची नोंद माझी असायला हवी होती, आईच्या अस्थी आणल्या तेव्हाची. तिच्याखाली आणखी एक होती. मोडीत. दादाच्या हातची. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच पाटीवर मोडी शिकवली, त्याचं वळण मी झोपेतही ओळखेन. तिथी त्याच वर्षाची, सर्वपित्री अमावास्या. म्हणजे महिना-सव्वा महिन्यापूर्वीची.

'स्वतः आलो. सोबत कोणी नाही. आईचे तर्पण केले. धाकटा नोकरीस लागला, बरे झाले. परत जाणे आहे, सुटका अजून नाही. तिला कळवावे.' खाली सही.

आई गेल्याचं त्याला कुणी सांगितलं? माझ्या नोकरीचं?

"पंडाजी, ये किसने लिखा?"

त्यांनी डोळे बारीक केले. "कब का है?" मी तिथी सांगितली. "सर्वपित्री? हो ही नहीं सकता, बाबूजी. पूरे श्राद्ध पक्ष मैं खाट पे पड़ा था. बही की पेटी बंद, चाबी मेरे जनेऊ में. पूछ लो पूरे घाट से, कित्ता नुकसान हुआ म्हारो!"

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वहिनींना वाचता येत होतं ते बाळबोध, मोडी त्या शिकल्या नव्हत्या. तिथे ती नोंद वाचू शकणारा मी एकटाच.

"काय लिहिलंय, भाऊजी?"

मी काय सांगितलं असेल? कागद खोटा पडला असता, नोकरी गेली असती, इतकी वर्षं लपवलेलं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "दुसऱ्याच कुणाची नोंद आहे. चुकून आपल्या पानावर आलीय."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी तो पुतळा उचलला, दोन पायऱ्या उतरल्या आणि क्षिप्रेत सोडून दिला. काका "अगं, अगं" करेपर्यंत पानं सुटी होऊन पसरलीसुद्धा.

"मोडी मला येत नाही, भाऊजी," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या. "तुमचं तोंड वाचता येतं."

त्यानंतर त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. एकाच घरात राहतो आम्ही. त्या ताटात वाढतात, मी जेवतो.

मी दुसऱ्या दिवशी एकटाच पुन्हा घाटावर गेलो. दादाची जुनी पत्रं नेली, अक्षराला अक्षर लावून पाहिलं. त्याचंच. ती नोंद आजही तिथे आहे. पंड्याने पैशांसाठी लिहिली म्हणाल, तर त्या म्हाताऱ्याला मोडी येत नव्हती आणि माझ्याकडून त्याने काही मागितलंही नाही. भास म्हणाल, तर भासाला शाई लागत नाही. दादा सुटून आला होता म्हणाल, तर घरापासून दोन मैलांवर येऊन परत का गेला? आणि बंद पेटीतली वही त्याने उघडली कशी? मेलेला होता म्हणाल, तर मेलेल्याला कसली सुटका हवी असते? मला उत्तर माहीत नाही. तुम्हालाही नाही, तेव्हा उगाच हसू नका.

लढाई संपल्यावर कैदी कसे राहतील, असं शिकलेली माणसं म्हणतील. मी म्हणतो, का नाही राहणार? यादी बंद झाली की यादीबाहेरच्यांना शोधायला कोण जातं? आता आमचा मध्य भारतही नकाशावरून गेला, कचेरीची दप्तरं भोपाळला चालली. म्हणून आम्ही उज्जैनवाले नाहीसे झालो का? कुठल्याशा बेटावर तीस-बत्तीस माणसं अजून कुणाच्या तरी पहाऱ्यात असतील, तर ती कुणाच्या कागदाने मेलेली नाहीत. एक कागद तर मीच दिला होता. त्याची किंमत मला ठाऊक आहे.

ज्या मासिकाला हे पाठवतोय त्याचा अंक आमच्या घरी येतो आणि माझ्याआधी वहिनी वाचतात. तो यायच्या आत मला दोन गोष्टी करायच्या आहेत. ते प्रतिज्ञापत्र खोटं होतं आणि माझा भाऊ लढाईनंतर जिवंत दिसला होता, असं सहीनिशी लिहून फौजेच्या दप्तराला पाठवायचं. नोकरी राहो, न राहो. आणि वहिनींसमोर बसून त्या रतलामच्या माणसाचा निरोप सांगायचा, दादाची नोंद शब्दन् शब्द वाचून दाखवायची. 'तिला कळवावे' असं दादाने लिहिलं होतं. मी अजून कळवलेलं नाही.