वजन नसलेला माणूस

मिरकरवाड्याच्या जेटीवर रिक्षा लावली की मी मोबाईलवर चौघांच्या टोळीचा बंदुकीचा गेम खेळायचो. टोळीत सगळ्यात आधी पळणारा मीच. शाळेतनंपण तसाच पळालेला.

शेजारी एक म्हातारा खलाशी फाटलेलं जाळं विणत बसायचा. नाव मी कधी विचारलं नाय. दोरा दातांनी तोडायचा नि माझ्या मोबाईलमध्ये डोकवायचा.

एकदा गेममध्ये माझा जोडीदार गोळी लागून पडला. मी झाडामागं लपलो.

"मेल्या, तुझा माणूस पडलाय नि तू लपतोस? जा, आण त्याला."

गेलो, त्याला खांद्यावर टाकला नि पळत आणला. "बघा काका, वाचवला की नाय?"

काका हसले नायत. हातातली सुई थांबली.

"गेम बरा आहे. एकट्याला जिंकू देत नाय. पण त्या माणसाला वजनच नाय रे. होडी उलटली तेव्हा माझ्या भावाला मी धरला होता. भिजलेला माणूस हातात राहत नाय."

मग ते परत विणायला लागले.

आता कोण पडला की मी आणायला जातो. बहुतेक वेळा दोघंही मरतो. टोळीतले शिव्या घालतात. घालू देत.