तीन थांबे

लाँड्रीतल्या इस्त्रीवालीला सगळे ‘वाफ’ म्हणत, कारण ती दिवसभर वाफेत उभी असे आणि राग आला की फुस्स करून मोकळी होई. अशा बाईने चाळिशीत मुसलमान व्हावं, तेही कुणाच्या प्रेमात न पडता, यावर तिच्या थोरल्या बहिणीचा आजतागायत विश्वास बसलेला नाही. “असेल कुणीतरी,” ती म्हणते.

होतं की. इस्त्रीला लागूनच रफूचं टेबल होतं आणि तिथे खाला बसत. सत्तरी उलटलेल्या, दम्याने पार पोखरलेल्या. दुपारी यंत्रं थांबली की त्या चादरींच्या गठ्ठ्यांमागे खुर्चीत बसूनच नमाज पढत. वाफ ते बघत राहायची, आणि का कोण जाणे, तिच्या जिवाला बरं वाटायचं. “मलाही शिकवा,” ती एक दिवस म्हणाली. खालांनी दोन वर्षं टोलवाटोलवी केली आणि मग शिकवलं.

नमाजात दर वेळी म्हणायची फातिहा लहानशीच, पण खालांना ती सलग जमत नसे. मध्येच दम अडकायचा, छातीत शिट्टी वाजायची आणि मग पुढचा शब्द यायचा. असं तीनदा. वाफ फातिहा शिकली ती या तीन थांब्यांसकट. तिला वाटलं, ती तशीच म्हणतात. खालांना वाटलं, पोर आपल्यासाठी थांबतेय. या गोड गैरसमजात वाफ नऊ वर्षं, धडधाकट छाती असून, अगदी मनापासून अडखळत राहिली.

मागच्या हिवाळ्यात खाला गेल्या. त्यानंतर वाफ नमाजाला उभी राहायची, शब्द म्हणायची, पण आत काही हलत नसे. काहीतरी करायला हवं म्हणून ती मशिदीतल्या बायकांच्या वर्गात जाऊ लागली. शिकवणारी मुलगी गुणी होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “मावशी, इथे का थांबता?”

“इथे थांबतात ना?”

“नाही हो. वाक्य तुटतं.”

वाफेचे कान लाल झाले. महिनाभरात मुलीने तिची फातिहा स्वच्छ करून दिली. एक सुरकुती राहिली नाही. आणि तिथेच सगळं संपलं. आता तर शब्दही परके वाटू लागले. मग आपण इतकी वर्षं अल्लाला मानत होतो की खालांना? हा प्रश्न तिला खाऊ लागला. “दुआ करत राहा, ओढ परत येईल,” मुलगी म्हणाली. ती करत राहिली. ओढ काही आली नाही.

बहिणीने फोनवर सुचवलं, “मग सोड आता. ये परत.”

“परत यायला तिकडे तरी माझं काय राहिलंय?” वाफ म्हणाली. धड इकडे ना धड तिकडे. तिने घरी मुद्दाम जुने थांबे घेऊन पाहिले. ती खालांची नक्कल झाली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

परवा लाँड्रीची लिफ्ट बंद पडली. ओल्या चादरींचा गठ्ठा घेऊन ती वाळवणाच्या गच्चीकडे निघाली आणि तिसऱ्या मजल्यावर पायरीवर मटकन बसली. वेळ दुपारची. सवयीने ओठ हलू लागले. पहिल्याच थांब्याच्या जागी तिचा दम खरोखर संपला.

आणि त्या रिकाम्या जागेत तिला आठवलं. इथे ती गप्प कधीच नव्हती. खालांची शिट्टी ऐकत ती मनात म्हणायची, येऊ दे, त्यांना श्वास येऊ दे. घरी एकटी असतानासुद्धा म्हणायची. रोज, प्रत्येक थांब्याला. रोज तो येत होता. मागच्या हिवाळ्यापर्यंत.

आता मागायचं कुणासाठी? तिला रडू कोसळलं. धापा टाकत ती दुसऱ्या थांब्यापर्यंत पोचली.

“येऊ दे,” ती म्हणाली. “आता मला.”

काही आलं नाही. वरून मुकादम चादरींसाठी हाका मारत होता. तिला उठवेना. तिसरा थांबा अजून बाकी होता.