पाणवठ्याची हाक

ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जहून पाहुणे घेऊन निघालेल्या गाडीत पुढच्या सीटवर डल्सीमावशी बसली, की ग्लेनिस तोंड सांभाळून बोले. तंबू, पाणी, जळण, पाहुण्यांचे लाड, सगळं ग्लेनिसच बघायची. पण त्यांच्या आदिवासी जमातीच्या पवित्र पाणवठ्यावर पोचलं की पूर्वजांना हाक मारून आलेल्यांची ओळख करून द्यायचा मान मावशीचा. तो मान कधी मिळतो, याकडे ग्लेनिस डोळे लावून बसली होती. मावशी मात्र ऐकायची नाही.

"तुझ्या जिभेला हाड नाही, पोरी. तू हाक मारलीस तर पूर्वज कानात बोटं घालतील."

संध्याकाळी निखाऱ्यांत कांगारूची शेपटी भाजायला पुरून ग्लेनिसने गोष्ट रंगवली. घोरपडीच्या रूपातला पूर्वज कुठून आला, कुठे लोळला, समोरच्या लाल डोंगराशी कसा थबकला. आणि तीही थांबली.

"पुढे?" कॉनराड नावाच्या उंच पाहुण्याने विचारलं.

"पुढची गोष्ट डोंगरापलीकडच्यांची. माझ्या सासरच्यांची. ती त्यांनीच सांगायची."

"पण तुम्हाला येते ना?"

"येते की! अख्खी येते."

"मग सांगा ना. इथे कोण ऐकतंय?"

गोष्ट अगदी ओठांवर आली होती. ग्लेनिसने डोंगराकडे पाहिलं. "सगळेच ऐकतायत," म्हणाली आणि शेपटी परतायला उठली.

"अर्ध्या गोष्टीसाठी एवढ्या लांब आलो होय!" कॉनराड पुटपुटला. अर्धी कसली? आपल्या वाट्याची पुरती दिली होती तिने. दुसऱ्याचं वाटून मोठेपणा मिरवणारे पुष्कळ पाहिलेत. आमची ग्लेनिस त्यातली नाही, हे आम्ही छाती फुगवून सांगतो. शेपटी भाजून झाल्यावरही मावशी तेवढी हाड चोखत ग्लेनिसकडे बघत होती.

सकाळी पाणवठ्यापाशी गाडी थांबली. मावशी उतरेना. ग्लेनिसने आधाराला हात पुढे केला.

"मला काय उचलतेस? जीभ आवरता येते तुला, काल पाहिलं. जा, हाक मार."

ग्लेनिसने मूठभर वाळू घेतली, पाण्याला आपला वास कळावा म्हणून काखेत चोळली आणि पाण्यात टाकली. हाक मात्र हळूच मारली.

"मोठ्याने!" मावशी गाडीतून ओरडली. "म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं!"

मग ग्लेनिसने जी हाक घातली, ती कडेकपारीत घुमली. आपण कुणाची लेक, कुणाची नात, सोबत कोण कोण, सगळं सांगितलं. "आणि हा लंबूटांग! चौकश्या फार करतो, पण माणूस वाईट नाही!"

सगळे हसले, कॉनराडही. गाडीशी येऊन त्याने मावशीला विचारलं, "हाक तर तुम्ही मारणार होतात ना?"

मावशीने डोळे पुसले.

"मीच मारली. आवाज तेवढा माझ्या पोरीचा होता."