वकिलाची स्थगिती आणि काकूंची खुर्ची

आमच्या गल्लीतला वकील आमदार झाला तो आमच्या पायऱ्यांवर चढून. सरकारला गल्ली रुंद करायची होती आणि त्यासाठी प्रत्येक घरापुढच्या पायऱ्या तोडायच्या होत्या. तेव्हा ह्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. त्यानं आपल्या आईलाच पहिली अर्जदार केलं, तिच्याखाली आम्ही सह्या ठोकल्या आणि पठ्ठ्यानं कोर्टातून स्थगिती आणली. मग तारखांवर तारखा घेऊन खटला असा लोंबकळत ठेवला की अजून चालूच आहे. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आता तो बांधकाम खात्याचा मंत्री आहे. गल्ली मात्र होती तेवढीच.

त्यात काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, खुबा मोडला. रुग्णवाहिका नाक्यावरच अडते. मग दवाखान्याच्या दिवशी काकू खुर्चीत आणि खुर्ची आमच्या हातांत. पुढचे पाय शेजारच्या शिंप्याकडे, मागचे माझ्याकडे. पायऱ्या उतरताना वजन कुणाकडे येतं ते माझ्या कंबरेला विचारा.

परवा ऐन दवाखान्याच्या वेळी मंत्रिमहाशय आले. हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड जुनीच.

"काढ बाबा भांडं एकदाचं," मी म्हणालो.

"दादा, खटला मागे घ्या सगळे. लगेच रस्ता करून देतो."

"तुझं सरकार, तुझं खातं. उठव की स्थगिती!"

"दोनदा अर्ज केला. न्यायाधीश माझाच जुना युक्तिवाद वाचून दाखवतात." त्यानं कपाळाला हात लावला. "खोडताच येत नाही हो!"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याला काकूंसमोर उभा केला.

"आई, सही कर. तुझ्यासाठीच करतोय."

"तेव्हाही माझ्यासाठीच होतं. पायऱ्या गेल्या तर म्हातारी उघड्यावर पडेल म्हणून कोर्टात गळा काढलास. मला पहिल्या बाकावर बसवून."

"तेव्हा मी वकील होतो गं!"

"आता मंत्री आहेस. आज आहेस, उद्या नाहीस. पायऱ्या राहतील."

"काकू, माझी कंबर नाही ना राहायची!" मी ओरडलो.

"मग तू सोड. हा आहे की धरायला."

नाक्यावरून हॉर्न वाजला. शिंपी पुढचे पाय धरून वाकलेलाच होता. मंत्र्यानं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. शेवटी जाकीट माझ्या अंगावर फेकून त्यानं मागचे पाय उचलले. दुसऱ्याच पायरीवर भात्यासारखा धापा टाकायला लागला.

"आई, पुढच्या खेपेपर्यंत... विचार तरी कर."

"करीन. तोवर दर खेपेला येत जा," काकू म्हणाल्या. "आणि नीट धर रे, कललेय मी!"