मामींच्या मांडणीवरची ताटं

सरकारी अर्जावर मनापासून प्रेम करणारी या भूतलावरची एकमेव बाई म्हणजे माझ्या बायकोची मामी. तुम्हीआम्ही अर्ज भरतो तो दाढ काढायला गेल्यासारखा, टाळता येईल तितका टाळून. मामींच्या हाती कोरा अर्ज आला की त्या आधी तो उजेडात धरतात, ‘यंदा कागद बरा काढलाय’ असं प्रशस्तिपत्र देतात आणि मग चष्मा पुसायला घेतात. एका सरकारी कचेरीत उभी हयात कारकुनी करून त्या निवृत्त झाल्या, म्हणजे निरोपाचा नारळ तेवढा मिळाला. कचेरी त्यांनी कोथरूडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये उचलून आणली. घरात आवक-जावक नोंदवही आहे. शेजारणीला वाटीभर साखर दिली की जावक क्रमांक पडतो आणि वाटी परत आली की आवक. लग्नानंतर मी पहिल्यांदा पेढे घेऊन गेलो तेव्हा मला पुड्याची पोहोच मिळाली होती, गोल शिक्क्यासकट. मामांनी दुसरा चहा मागितला तर आतून ‘विचाराधीन’ असं उत्तर येतं. मामा स्वभावाने इतके गरीब की ते पेपरची घडी मोडून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागतात. चार वाजेपर्यंत मंजुरी येते.

अशा बाईने निवृत्तीनंतर भजनी मंडळात जावं अशी घरच्यांची अपेक्षा होती. मामी गेल्या बालगृहात. आपल्याकडे अठरावा वाढदिवस म्हणजे केक आणि गाडीचं लायसन्स. बालगृहातल्या मुलांना मात्र अठरा पूर्ण झाली की ते घर सोडावं लागतं. पुढची काही वर्षं राहायला आणि शिकायला सरकार अनुदान देतं, पण ते पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांचं धैर्य अर्ज पाहून खचतं. तिथल्या अधीक्षकबाई मामींना म्हणाल्या, “अहो, नऊ जोडपत्रं लागतात.” मामी म्हणाल्या, “नऊच?” त्या दिवसापासून बालगृहातल्या प्रत्येक मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला मामी एका हातात पेढे आणि दुसऱ्या हातात अर्ज घेऊन हजर असतात. पेढा मात्र सही झाल्यावर मिळतो.

मी तेव्हा नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलो होतो आणि जगातले सगळे प्रश्न संगणकाने सुटतात अशी माझी समजूत होती. मी मोठ्या उत्साहाने मामींचा अर्ज टाइप करून, छापून नेला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. “जावईबापू, छापलेला कागद परत पाठवताना कुणाला काही वाटत नाही. हाताने चार पानं लिहिलेली असली की माणूस जरा ओशाळतो.” माझा अर्ज त्यांनी फाडला नाही, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी केली. कचेरीत जाताना त्यांच्या पिशवीत टाचण्या, डिंक, शाईचा पॅड आणि फायलींच्या दोऱ्या असतात. तिथल्या कारकुनाशी त्या कधी भांडत नाहीत. त्याच्या टेबलाशी स्टूल ओढून बसतात आणि त्याच्या विस्कटलेल्या फायली लावून द्यायला लागतात. तासाभरात तो इतका घाबरतो की आधी मामींचा कागद पुढे सरकवतो.

भानगड झाली ती एकाच रकान्याने. अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा एक रकाना असतो, आणि या मुलांकडे नसते ती नेमकी तीच गोष्ट. मामींनी पहिल्या मुलीच्या अर्जावर स्वतःचा पत्ता घातला, मग दुसऱ्या मुलाच्या, मग सगळ्यांच्याच. काही वर्षांत कागदोपत्री त्या दोन खोल्यांत सव्वीस मुलं नांदू लागली. सोसायटीतली मामींची टपालपेटी कायम तोंड वासून असे. निवडणुकीत तर दोन्ही पक्षांचे उमेदवार आमच्या मामांच्या पाया पडून गेले. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले आणि म्हणाले, “मामी, ही मुलं इथे राहतात कुठे?”

“सुट्टीला येतात. तुमचा मुलगा अमेरिकेत असतो ना? त्याचं नाव रेशनकार्डावरून काढलंत का?”

सेक्रेटरी चहा न घेताच खाली गेले. पण त्यांनी, किंवा दुसऱ्या कुणीतरी, वर तक्रार केली असावी. कारण पुढच्याच महिन्यात कविताचं अनुदान अडलं. ही कविता म्हणजे वसतिगृहात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणारी, मामींच्याच तालमीत तयार झालेली, तिखट जिभेची मुलगी. शेवटचं वर्ष होतं. पत्ता खरा आहे का हे पाहायला निरीक्षक येणार, खोटा निघाला तर अनुदान बंद, असं पत्र आलं. अनुदान बंद म्हणजे वसतिगृहातली खाट गेली आणि परीक्षाही गेली. दर रविवारी मामींकडे जेवायला येणाऱ्या कविताने त्या रविवारी दोन घासही खाल्ले नाहीत. मामींची मात्र झोप उडाली ती निराळ्याच कारणाने. जन्मात आपण कागदावर खोटं लिहिलं नाही, आणि आता आपल्या अक्षरावर शंका घेतायत, हे त्यांना सोसेना.

तपासणीच्या दिवशी मामींनी घोटाळा केला, आणि तो फक्त त्यांनाच सुचला असता. निरीक्षकाची वाट पाहत घरी बसायचं सोडून त्या पहाटे आंघोळ करून, फाइल घेऊन, त्याला आणायला कचेरीत गेल्या. तो दुसऱ्या रस्त्याने घरी आला. घरात मामा आणि सुट्टी टाकून आलेला मी.

“कविता इथे राहतात का?” निरीक्षकाने विचारलं.

मामा उभे राहिले. खोटं बोललं तर मामी रागावणार आणि खरं बोललं तर मुलगी बुडणार. “हिला विचारून सांगतो,” मामी घरात नाहीत हे विसरून मामा सवयीने म्हणाले, आणि घाम पुसत स्वयंपाकघरात शिरले. मी काहीतरी बोलावं म्हणून हवेची चौकशी केली. मामा परत आले ते ताटात पोहे घेऊन, कारण संकटकाळी काय करायचं याची त्यांना दुसरी काही कल्पना नव्हती. निरीक्षकाने चार घास खाल्ले आणि तो थांबला. ताटाच्या काठावर बारीक ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: चि. कविता.

तो न विचारता उठला आणि आत गेला. मांडणीवर बाकीची पंचवीस ताटं ओळीने उभी होती. त्याने एकेक काढून काठ पाहिला. चि. सलीम, चि. मंगल, चि. राजू. घरातल्या खुर्च्यांनासुद्धा क्रमांक देणाऱ्या बाईच्या ताटांवर एकही आकडा नव्हता. “बालगृहात ताटांवर नंबर असतो,” मामा हळूच म्हणाले. “म्हणून ही नाव घालून घेते. येतात ती पोरं. आपापलं ताट ओळखून घेतात.” मामांना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

निरीक्षक बाहेर येऊन लिहू लागला तोच मामी धापा टाकत आल्या. आपल्या गैरहजेरीत तपासणी झाली याचा त्यांना भयंकर राग आला. त्यांनी अहवाल वाचायला मागितला. ‘सदर मुलगी याच घरातली आहे,’ असं त्यात लिहिलं होतं. मामींनी तो दोनदा वाचला, एका जागी वेलांटी दुरुस्त केली आणि त्याला पोहोच दिली. मग त्याला आणखी पोहे वाढले, तेही मागणीअर्जाशिवाय.

कविता पास झाली, हिंजवडीला नोकरीला लागली आणि दोन मैत्रिणींबरोबर वारज्यात भाड्याने जागा घेऊन राहिली. ती किल्ली दाखवायला आली तेव्हा मी तिथेच होतो. मामींनी फार कौतुक केलं, मग रीतसर नोंदवही उघडली, जावकच्या पानावर ‘ताट, एक’ असं वळणदार लिहिलं आणि ताट पुसून तिच्यापुढे ठेवलं. “आता तुझं घर झालं. घेऊन जा, आणि इथे सही कर.”

कविताने सही केली नाही. ताट उचललं, आत जाऊन मांडणीवर होतं तिथे ठेवलं आणि म्हणाली, “मग रविवारी मला कशात वाढाल?”

मामींनी वही पुन्हा पुढे ओढली. इतक्या वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नव्हती. त्यांनी पट्टी घेतली, ती ओळ सरळ रेघ मारून खोडली, शेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता. घासायला भांडी नव्हती हे मामांना ठाऊक होतं, पण त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.