हक्कसोडीचा कागद

नवऱ्याचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. तिथून जो राग घेऊन बाहेर पडले, तो अजून पुरता उतरलेला नाही.

नवरा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. एक्कावन्न वर्षांचा. सकाळी डबा घेऊन गेला आणि दुपारी कारखान्यातून फोन आला. दारू नाही, उधारी नाही, पगार वेळेवर घरात. पण पैशांचं काही विचारलं की म्हणायचा, "तू कशाला डोकं घालतेस? मी बघतोय ना."

बँकेतल्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "मॅडम, तिन्ही एफडींना नॉमिनी त्यांच्या आई आहेत. तुमचं नाव कुठेच नाही."

खातं लग्नाआधीचं. तेव्हा त्याने आईचं नाव घातलं, ते ठीकच. पण पुढची बावीस वर्षं दर वेळी एफडी करताना तेच नाव पुढे चालू ठेवत राहिला. एका सहीचं काम होतं. मी मीरा रोडला एका शाळेच्या ऑफिसात आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना रिकामा दिसला तर पालकांना परत पाठवते.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. खारी गावाजवळचा आमचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर होता. सेक्रेटरींनी फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली. नॉमिनीच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. "भाभीजी, मैंने भाईसाब को तीन बार बोला था," ते म्हणाले. "हर बार बोले, अगले महिने."

वकिलांनी समजावून सांगितलं की मृत्युपत्र नाही, त्यामुळे वारस तीन: मी, मुलगी आणि सासूबाई. फ्लॅट आम्हा दोघींच्या नावावर करायचा तर सासूबाईंनी हक्कसोड पत्र करून द्यायला हवं. दिरांना फोन केला. सासूबाई त्यांच्याकडेच असतात, रत्नागिरीजवळच्या गावी. ते म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. आईला कुठे काय कळतंय, सांगू तिथे अंगठा देईल."

पुढच्या आठवड्यात ते सासूबाईंना घेऊन आले. वकिलांचा कारकून घरी आला. रजिस्ट्रारकडे जाण्याआधी मसुदा एकदा बघून घ्या म्हणाला, आणि त्याने तो टेबलावर ठेवला.

"वाचून दाखव," सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्यात वाचायचं काय?" दीर म्हणाले.

"तुझ्या मामानीपण असंच सांगितलेलं. चहाला म्हणून बोलावलं आणि बापाच्या बागेवर अंगठा घेतला. चहा संपेपर्यंत बाग गेली. आता वाचल्याशिवाय देणार नाही."

कारकुनाने सगळं वाचलं. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि बँकेतले पैसे?"

"ते तुमच्या हातात येतील, आजी. मग तुम्ही सूनबाईंना द्यायचे."

"सगळे?"

"हो."

"मग नाही."

माझा तोल गेला. इतके दिवस मी सगळ्यांशी नीट बोलत होते. "तुमच्या मुलाने मला असं अर्धवट सोडलं," मी म्हणाले, "आणि आता तुम्ही पण?"

त्या हलल्या नाहीत. "गो, तुला नोकरी आहे. माझ्या चष्म्याची काडी मोडली तरी मला याच्या तोंडाकडे बघायला लागतं." दीर खाली बघायला लागले. "तो मला दर महिन्याला पैसे पाठवायचा. आता कोण पाठवणार?"

हे मला माहीत नव्हतं. आईला पैसे पाठवले याचं मला काहीच वाईट वाटलं नाही. पण बावीस वर्षं एका घरात राहून त्याने तेही सांगितलं नाही.

"घर तुझं आणि पोरीचं," त्या म्हणाल्या. "त्यावर देते अंगठा. पण बँकेतली एक पावती माझ्या नावाने राहील. व्याज माझ्या हातात येईल."

दोन दिवस मी त्यांना ताट वाढलं, बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, आजीने चुकीचं काय मागितलंय? आणि उद्या तुला काही झालं, तर तुझ्या खात्यावर कोणाचं नाव आहे?"

मी तावातावाने पासबुक काढलं. नॉमिनी: माझे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. नवऱ्याला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या तिथे माझ्याच वाट्याला आल्या. मी सासूबाईंकडे गेले आणि म्हणाले, "एक पावती तुमच्या नावाने ठेवू."

रजिस्ट्रार ऑफिसात साहेबांनी विचारलं, "आजी, स्वखुशीने करताय ना?"

"वाचून घेतलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि अंगठा दिला.

एक एफडी त्यांच्या नावावर झाली. बाकीच्या दोन त्यांनी माझ्या खात्यात वळत्या केल्या. त्यांच्या पावतीला नॉमिनी कोण, असं बँकेत विचारल्यावर दीर पुढे झाले. त्यांना हाताने मागे सारून त्या म्हणाल्या, "नात." गावी जाताना त्यांनी पावती ब्लाऊजमध्ये ठेवली. मी झेरॉक्स काढून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "झेरॉक्स तू ठेव."

माझं मृत्युपत्र मी त्याच महिन्यात केलं. सेक्रेटरी आणि शाळेतली एक मैत्रीण साक्षीदार. पीएफचं, विम्याचं, सगळीकडचं नाव बदललं. मुलीने एकदा विचारलं, "एवढी घाई?" मी तिच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

फ्लॅट आमच्या नावावर व्हायला आठ महिने लागले. ते आठ महिने मी अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून, हातात टोकन घेऊन खिडक्यांसमोर उभी होते, प्रत्येक ठिकाणी त्याच्या मृत्यूचा दाखला पुढे सरकवत. लोक म्हणतात, आता सोडून दे, बिचारा गेला. मी नाही सोडत. त्याची आठवण काढायला बसले की त्याचा चेहरा येण्याआधी मला टोकन नंबर आठवतो, आणि हे त्याने केलंय.