चीजखालची मिरची

माझी बायको शेवटी विसरभोळी झाली होती, असं आमच्या घरात परवापर्यंत म्हणत. ते खरं नाही. खरं काय ते लिहून ठेवतो.

नातीचा आठवा वाढदिवस होता. सून हॉटेलातून खाणं मागवणार होती. बायको म्हणाली, "मी करसू ना! भाकरी थापणारीले ब्रेड भाजता येत नही का?" नातीने मोबाइलवर दाखवलेले चीज टोस्ट ती आठवडाभर शिकली. ब्रेडला लोणी, वर बारीक चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची, त्यावर किसलेलं चीज, मग मंद आचेवर तवा आणि वर झाकण. पहिले चार करपले. ते माझ्या ताटात आले.

"कोळसा चांगला शे," मी म्हटलं.

"दात शेतस का चावाले?" ती म्हणाली.

वाढदिवसाच्या दिवशी तिने लोणी-कांदा लावून सगळे तुकडे परातीत मांडले आणि लुगडं बदलायला गेली. चीज किसायचं बाकी होतं. मी एक तुकडा चाखला. फिका लागला. माझं आयुष्य नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर गेलं. उन्हात पसरलेल्या लाल मिरचीत चाळीस वर्षं वावरलेल्या जिभेला दुसरं काय लागणार? शिवाय पाहुण्याला फिकं वाढणं आमच्याकडे कमीपणाचं. मी डब्यातलं घरचं तिखट काढलं आणि सगळ्या तुकड्यांवर भुरभुरलं. बायकोने येऊन घाईघाईत वर चीज किसलं. लाल रंग झाकला गेला.

पहिल्याच घासाला मुलं रडायला लागली. एकीला ठसका थांबेना. त्यांच्या आया पाणी, साखर घेऊन धावल्या. सून सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, लहान मुलांचं होतं ना हो! किती वेळा सांगितलं!"

बायको आपल्या हातांकडे बघत राहिली. मी तिथेच खुर्चीवर होतो.

पाहुणे गेल्यावर तिने मला विचारलं, "मन्हाच हातथीन पडनी व्हई का हो? माले याद नही."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "पडली असेल. वय झालं आता."

दुसऱ्या दिवशी तिने मसाल्याचा डबा सुनेच्या हाती दिला. पुढे वरणात मीठ टाकायचं तरी ती दोनदा विचारायची, "मी टाकू का?" मग विचारणंही थांबलं. चुलीपाशी नुसती बसून असायची. तीन वर्षं अशी गेली. तिला आपल्याच हातांचा भरवसा उरला नाही. मला रोज ते दिसत होतं. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

परवा नातीने मोठमायचे, म्हणजे तिच्या आजीचे, तेच टोस्ट करायला घेतले. सून हसत म्हणाली, "बघ हं, मोठमायसारखी मिरची टाकशील!" मुलगाही हसला.

मी म्हणालो, "तिने टाकली नव्हती. मी टाकली होती."

नातीच्या हातातली किसणी थांबली. मग सुनेने विचारलं, "बाबा, मग त्या असताना का नाही सांगितलंत?"

नातीने एक टोस्ट भाजून माझ्यापुढे ठेवला आणि आत निघून गेली. मी तो खाल्ला. त्यात तिखट नव्हतं. काहीच कमी नव्हतं.